त्रिपताकाआडचं बोलणं : ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट, सांगली

पहिली बैठक झाली. ‘अभिज्ञानशाकुंतल’चा पहिला अंक, मराठी गद्यात, पाऊण तासाच्या आत. प्रयोग ५ नोव्हेंबरला. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ १८४३ साली याच तारखेला सांगलीत झालं, त्यामुळे रंगभूमी दिन कोरडा गेलेला सांगलीकरांना चालत नाही. मंडळी हौशी आहेत. शकुंतला बँकेत, दोघी सख्या कॉलेजात, राजा औषधांच्या दुकानात. मी भरतनाट्यम शिकवते म्हणून माझ्याकडे हात.

सगळे हात नव्हेत. सरांना (दिग्दर्शक) मुद्रांची पेरणी नकोय, आणि मलाही. त्यांनी संहितेत एका पानाला खूण करून ठेवली होती. राजा सातवीणीच्या पारावर बसलाय, समोर तिघी. प्रियंवदा अनसूयेला विचारते, ‘हा कोण गं असावा? बोलतो गोड, पण रुबाब काही लपत नाही.’ अनसूया म्हणते, ‘मलाही तेच वाटतंय. थांब, विचारतेच.’ आणि मग राजाला उघड विचारते. पहिल्या दोन वाक्यांवर कालिदासाची सूचना आहे, जनांतिकम्. म्हणजे राजा चार हातांवर बसलाय त्याला ऐकू जात नाही, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्याला जातं.

मराठी रंगभूमीला हे काही नवं नाही. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत ‘(एकीकडे)’, ‘(उघड)’ अशा सूचना असायच्या. नट प्रेक्षकांकडे मान वळवून बोलायचा आणि काम भागायचं. सरांना तसं नकोय. संस्कृत नाटकात याला एक ठरलेला हात होता, तो वापरून बघू म्हणाले. तो हात त्रिपताक. दहाव्या शतकात, माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त सरळ लिहून ठेवलंय : चारचौघांत असताना त्रिपताक हाताने बाकीच्यांना आड करून दोघांनी आपसात बोलायचं, ते जनांतिक.

वर्गात त्रिपताक मी दर वर्षी शिकवते. मुकुट, झाड, वज्र, दिवा. बोलणं लपवायला कधी वापरलेला नाही, म्हणून ही वही घातली.

ठरलं ते असं : दिवे मंद करायचे नाहीत, पात्रं गोठवायची नाहीत, तंबोऱ्याचा सूर वगैरे सोडून ‘आता खासगी बरं का’ असं सुचवायचं नाही. एकट्या हाताला जमतंय का ते बघायचं.

७ ऑगस्ट

हाताची घडण. पताक म्हणजे चारही बोटं सरळ आणि एकमेकांना लागून, अंगठा वळवून तर्जनीच्या मुळाशी. त्यातली अनामिका तेवढी मोडली की त्रिपताक. ‘अभिनयदर्पण’ या नृत्याच्या जुन्या संस्कृत ग्रंथात याचं लक्षण अर्ध्या ओळीत उरकलंय : तोच पताक, अनामिका वाकडी.

बोटांवर काही ते अर्ध्या ओळीत उरकत नाही. अनसूयेची करंगळी अनामिकेच्या मागोमाग खाली येते. प्रियंवदेचं मधलं बोट झुकतं आणि ते सरळ केलं की अंगठा सुटतो. राजाला गरज नसताना त्यानेही करून बघितलं, त्याचा हात तर पंजाच झाला.

लहान मुलींना मी ‘रोज कर, येईल’ एवढंच सांगते. मोठ्यांना कारण लागतं. हाताच्या पाठीवरून बोटं सरळ ठेवणाऱ्या कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) जातात. मधल्या बोटाची, अनामिकेची आणि करंगळीची कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेली असते, म्हणून अनामिका कुठेही एकटी जात नाही. बोटं वाकवणारे स्नायू दोन थरांत असतात. खोल थर बोटाचं टोक वाकवतो, पण तो शेजारच्या बोटांशी बराच सामाईक आहे. वरचा थर मधला सांधा वाकवतो आणि तो प्रत्येक बोटाला बऱ्यापैकी स्वतंत्र आहे. तेव्हा ‘अनामिका तळहाताकडे न्या’ ही सूचनाच बाद केली. ‘मधल्या सांध्यातून मोडा, टोक सैल सोडा.’ दुसऱ्या हाताने मधलं बोट आणि करंगळी धरून ठेवायची आणि अनामिका एकटी मोडायची. बोट कापल्यावर हाताचे डॉक्टर कंडरा शाबूत आहे का ते बघायला साधारण हेच करून घेतात.

दहा मिनिटांत प्रियंवदेचा हात दिसायला लागला. टोक सैल सोडल्यावर मनगटही सुटतं. ताठ मनगटाचा त्रिपताक मला कधीच आवडत नाही, तो रबरी हातमोजा घातल्यासारखा दिसतो.

११ ऑगस्ट

तालीम नाही. कोयनेतून विसर्ग वाढवलाय आणि सगळं गाव आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसलंय. ४० फुटांना इशारा. दोघी नदीकाठच्या भागात राहतात, त्या सामान वर चढवताहेत. घरी बसून दोन याद्या समोरासमोर ठेवल्या.

‘अभिनयदर्पणा’तली यादी पाठ आहे. मकुटे, वृक्षभावेषु, वज्रे... मुकुट, झाड, वज्र आणि ते धरणारा इंद्र, केवड्याचं फूल, दिवा, उसळणाऱ्या ज्वाळा, पारवा, अंगावर काढायची पत्रलेखा, बाण, गिरकी. जवळजवळ सगळ्या वस्तू. जनांतिकाचं नावही नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राची यादी वेगळ्याच जातीची आहे. तिथे त्रिपताक बोलावतो, उतरवतो, निरोप देतो, अडवतो, आत घेतो, वर उचलतो, नमस्कार करतो, दाखवून देतो. मंगल वस्तूंना हात लावतो, पागोटं किंवा मुकुट चढवतो. नाक, तोंड, कान झाकतो. मग बारकावे सुरू होतात. याच हाताची दोन बोटं खालीवर हलवून लहान पाखरं, ओघळ, साप, भुंगा. आणि वाकवलेल्या अनामिकेने डोळ्यांतलं पाणी टिपायचं, टिळा लावायचा, कपाळावरची बट सारायची. देवाला गंध आपण अनामिकेनेच लावतो. मी वर्गात इतकी वर्षं ‘दिवा, दिवा’ करत राहिले आणि डोळे टिपणारं हे बोट कधी शिकवलं नाही याचं वाईट वाटलं.

या दुसऱ्या यादीत वस्तू कमी आणि कामं जास्त. नाटकवाल्याची यादी आहे ती. नट बोलतोय आणि हात त्याच्या बोलण्याला जोड देतोय. ‘अभिनयदर्पण’ नर्तकीच्या कामाचं. तिला गाणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाला चित्र पुरवायचं असतं.

जनांतिकाला हाच हात का, याचं उत्तर मला त्या यादीत दिसतं. आवाहन आहे, वारण आहे, तोंड-कान झाकणंही आहे. जनांतिकात एकाला जवळ बोलवायचं, दुसऱ्याला अडवायचं आणि तोंड झाकायचं. तळहाताची बाजू बोलावते, मागची बाजू अडवते. हा माझा तर्क, पण तालमीपुरता तो उपयोगी आहे. तळहात सखीकडे आणि पाठ राजाकडे, यात गफलत चालणार नाही.

एकटीने नाचायच्या पदांत हा वापर का उरला नाही तेही कळतं. सरफोजी राजांनी तंजावरात मराठीत रचलेली निरूपणं घ्या. जयजय, शरणु, अल्लारु इथपासून मंगळापर्यंत अठरा रचनांतून एकच कथा पुढे जाते. आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत त्यांवर काम करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. सखीशी बोलणं असल्या रचनांत भरपूर. पण नायिकाही तीच आणि सखीही तीच, तेव्हा ज्याला ऐकू जायला नको असा तिसरा माणूस तिथे उभाच नसतो. मग आडोसा कोणापासून करायचा?

१८ ऑगस्ट

पाणी उतरलं. उंचीचा प्रश्न.

सरांनी हात गालाशी धरायला सांगितला. दिसतं छान, पण राजा प्रेक्षकांच्या उजवीकडे असला तर ठीक. मध्ये असला की हात नेमका चेहऱ्यावर येतो आणि पहिल्या दहा रांगांना प्रियंवदेचा चेहराच दिसत नाही. ती आडोसा राजापासून करतेय की आमच्यापासून?

नाट्यशास्त्रात हातांच्या उंचीलाही दर्जा आहे. उत्तम पात्रांचे हात कपाळाच्या पातळीवर, मध्यमांचे छातीशी, अधमांचे त्याखाली. सख्या मध्यम धरल्या तर हात छातीशी आला पाहिजे. छातीशी धरून बघितला. कोपर मोकळं राहतं, डौल येतो, पण तोंड झाकल्याचा भास अजिबात होत नाही. सर म्हणाले, ‘ही काय शपथ घेतेय?’ शेवटी कोपर छातीच्या पातळीला, बोटांची टोकं खांद्याच्या किंचित वर, हात अंगापासून वीतभर पुढे आणि राजाच्या बाजूला. तोंड दिसतं, आणि तोंड आणि राजा यांच्यामध्ये काहीतरी आहे हेही दिसतं. प्रत्यक्षात काहीच झाकलं जात नाही. एवढ्याने भागतं.

मग सरांचा खरा प्रश्न आला : ‘मागच्या रांगेला अनामिका दिसणार आहे का? नसेल तर सरळ पताक का नको?’

दिसणार नाही, हे खरं. नाट्यशास्त्रातलं मधलं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. त्यातला अर्धा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे ३२ हात. दीड फुटाचा हात धरला तर शेवटचा प्रेक्षक रंगपीठापासून ४८ फुटांच्या आत. याहून मोठं बांधू नका, बोललेलं नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असं भरतानेच बजावलंय. आपली आजची नाट्यगृहं त्याचं न ऐकता बांधलेली आहेत.

पताक धरून बघितला. सगळे हसले. वाहतूक पोलिसाचा हात. पताकात ‘थांब’ इतका ठणठणीत आहे की राजाला ‘बोलू नकोस’ म्हटल्यासारखं होतं. अनामिका मोडली की हाताची कड तुटते, हुकूम जातो, आडोसा राहतो. मागच्या रांगेला बोट दिसलं नाही तरी मनगटात पडलेला फरक दिसतो. हे सरांना पटलं. मला मात्र बोटही दिसायला हवंय.

आळता सुचवला. नर्तकी बोटांची टोकं रंगवतात ती लांबून दिसावीत म्हणूनच. पण शकुंतलेला आळता मिळतो चौथ्या अंकात, सासरी निघताना. कुठलंसं झाड तिच्या पायांसाठी लाक्षारस देतं. पहिल्या अंकात वल्कलं नेसून झाडांना पाणी घालणाऱ्या मुलींची बोटं लाल कशी असतील? कोणाच्या लक्षात येणार नाही म्हणा. माझ्या येईल.

२५ ऑगस्ट

हात वर असताना राजाने करायचं काय?

गोठवायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तरी नटाला ‘तुला ऐकू येत नाहीय’ म्हटलं की तो आपोआप पुतळा होतो. किंवा त्याहून वाईट, न ऐकण्याचा अभिनय करतो. आमचा राजा छताकडे बघायला लागला, जणू पंखा फिरतोय का ते तपासतोय.

नाट्यधर्मी, म्हणजे फक्त रंगमंचावर चालणारा संकेत, कशाला म्हणायचं हे सांगताना नाट्यशास्त्र म्हणतं की शेजारी बोललेलं एकमेकांना ऐकू जात नाही आणि न बोललेलं ऐकू येतं. तालमीत वाचून दाखवलं. राजा म्हणाला, ‘ताई, म्हणजे मला काही करायचंच नाही ना?’ बरोबर आहे त्याचं. ऐकू न येणं ही त्याची जबाबदारीच नाही, ती हाताची आहे. त्याने आपलं चालू ठेवायचं. पारावर बसून पाय मोकळे करायचे, शकुंतलेकडे बघायचं, तिने बघितलं की नजर झाडाकडे न्यायची. त्याचं लक्ष शकुंतलेत असल्यामुळे त्याला ऐकू येत नाही असं कोणाला वाटलं तरी हरकत नाही.

यातून ती अर्ध्या पानाची जागा एकदम उघडली. प्रियंवदा-अनसूया जनांतिक. मग अनसूया हात खाली घेऊन उघड : आपण कोणत्या राजर्षीच्या वंशातले, कुठून आलात, इतकं नाजूक शरीर घेऊन तपोवनात कशासाठी शिणलात? मग शकुंतला आत्मगत : मना, उतावीळ होऊ नकोस, तुझ्या मनातलंच अनसूया विचारतेय. मग राजा आत्मगत : आता ओळख सांगू की लपवू? मग राजा उघड, आणि थाप : पौरव राजाने धर्माच्या कामावर नेमलेला तो मी. पाच-सात वाक्यांत तीन थर. कोणी फक्त प्रेक्षकांना ऐकू येतंय, कोणी प्रेक्षकांना आणि एका सखीला, कोणी सगळ्यांना. स्वगताला हात नाही, नुसती नजर. आडोसा दिसला तर समजायचं दोघींचं चाललंय, नाही दिसला आणि नजर समोर असली तर मनातलं. हात असल्यामुळे स्वगत वेगळं कळतं, हा फायदा मी धरलाच नव्हता.

१ सप्टेंबर

वाद झाला, आणि छान झाला. सरांना आता त्रिपताकाची गोडी लागलीय. राजा बाण जोडून हरणामागे येतो; ‘बाणही त्रिपताकच ना?’ राजा झाडाआड लपून तिघींना बघतो, ‘झाड त्रिपताक!’ शकुंतलेच्या तोंडाभोवती भुंगा. ‘तुम्हीच म्हणालात, दोन बोटं हलवायची.’ आणि आपण राजा आहोत हे लपवणाऱ्या राजाच्या डोक्यावर मुकुटही त्याच हाताचा! एका हातात सगळा अंक मावतो असं त्यांचं म्हणणं.

मावतो, आणि नृत्यात मी तसा मावलेला दाखवूही शकते. तिथे प्रेक्षक शब्द ऐकत हात बघतात. शब्द बदलला की तोच हात झाडाचा बाण होतो. आमच्या प्रेक्षकाला हात आणि अर्थ यांची सवय नाही. दहा मिनिटांपूर्वी ज्या हाताचं झाड केलं तोच तोंडाशी आला तर त्याला वाटणार, प्रियंवदा झाडाआडून बोलतेय. मी हट्ट धरला : या प्रयोगात त्रिपताकाला एकच काम. बाणासाठी खरं धनुष्य, झाडासाठी खांब, भुंग्यासाठी शकुंतलेची मान आणि ओंजळ.

सरांनी मुकुट सोडला नाही. शेवटी मुकुटही गेला, कारण राजालाच ते जमेना.

९ सप्टेंबर

गणपती. तालीम नाही. प्रियंवदा आरतीला टाळ वाजवताना अनामिका मोडून धरते अशी तिच्या आईची तक्रार आली आहे.

१९ सप्टेंबर

राजाचा एक मित्र तालमीला आला होता, कथकळीचं शिबिर करून आलेला. म्हणाला, हा तर पताक, तुम्ही त्रिपताक काय म्हणता? खरं आहे. केरळात ‘हस्तलक्षणदीपिका’ हा मुद्रांचा ग्रंथ चालतो, त्याच्यात चोवीस मूळ मुद्रा. अनामिका मोडलेला हात तिथे पताक, आणि सूर्य, राजा, हत्ती, सिंह, बैल अशी मोठमोठी मंडळी दोन्ही हातांनी त्यात दाखवतात. कूडियाट्टम, म्हणजे केरळातला संस्कृत नाटकाचा प्रकार, तोही हीच मुद्रापद्धत पाळतो. घराणं बदललं की पाटी बदलते. आम्ही भरत-धनंजयाच्या पाटीवर चाललोय, एवढं सांगून चहा मागवला.

२८ सप्टेंबर

प्रेक्षकाला हा हात शिकवायचा कोणी?

सरांनी प्रस्तावनेत सूत्रधार-नटीच्या तोंडी एक वाक्य घालून बघितलं, ‘असा हात धरला की समजा’ अशा थाटाचं. मी नको म्हटलं. तो सूत्रधार नटीच्या गाण्यात रमून आपण कुठलं नाटक करणार हेच विसरलाय. तो शिकवण्या कशाला घेईल? आणि एकदा सांगून टाकलं की बघणारा परीक्षकाच्या नजरेने बघतो.

त्याऐवजी क्रम कडक केला. आधी नजर राजावर, तो बघत नाही ना. मग हात. हात पूर्ण थांबला की मग शब्द. शब्द संपला, हात एक क्षण तसाच, मग खाली, आणि तो खाली येता येता अनसूयेचा चेहरा राजाकडे वळून ‘उघड’ सुरू. पहिल्या वेळी हे सगळं जरा सावकाश. दुसऱ्या जनांतिकाला नेहमीच्या गतीने. तोवर कळलेलं असतं.

माझ्या वर्गातल्या मुली आणि त्यांना न्यायला आलेली घरची माणसं यांना बसवून एवढाच भाग दाखवला, काहीही न सांगता. पहिल्या जनांतिकाला मुली एकमेकींकडे बघत होत्या. दुसऱ्याला खुसखुस सुरू झाली. एका आजींना विचारलं, काय कळलं? म्हणाल्या, ‘त्यात कळायचं काय? सासरे ओसरीवर असले की आम्ही जावा-जावा पदराआडून बोलायचो, तसं.’ सर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘झालं तुमचं दशरूपक.’

५ ऑक्टोबर

आवाज. प्रियंवदा हात वर गेला की कुजबुजायला लागते. फूटमाईकला कुजबुज पोचत नाही, पोचली तर नुसती फुसफुस. तिला सांगितलं, लपवण्याचं काम हाताने घेतलंय, तू तुझ्या पुऱ्या आवाजात बोल. हे तिच्या गळी उतरवायला वेळ लागला, कारण पूर्ण आवाजात बोलताना तिला राजाची लाज वाटते. (राजा आणि ती एकाच गल्लीतले.) आता आवाज तोच, गती थोडी जास्त आणि वाक्याचा शेवट वर. खासगी बोलणं घाईत असतं, तेवढं पुरतं.

१३ ऑक्टोबर

दुसऱ्या जनांतिकावर पूर्ण तालीम गेली. दोघी सख्यांना एव्हाना राजा-शकुंतलेचा रंग कळलाय. दोघी मिळून शकुंतलेला म्हणतात, ‘आज बाबा इथे असते तर?’ शकुंतला : ‘तर काय झालं असतं?’ ‘तर त्यांनी आपलं सर्वस्व देऊन या पाहुण्याचं चीज केलं असतं.’ शकुंतला चिडते, लटकी : ‘जा तिकडं. मनात काहीतरी धरून बोलताय. मी नाही ऐकणार.’

इथे आडोसा करणाऱ्या दोघी. दोघींनी हात धरले तर शकुंतला दोन भिंतींत सापडते आणि प्रेक्षकांना दिसेनाशी होते. एकीनेच धरायचा, राजाच्या बाजूला असेल तिने, म्हणजे अनसूयेने. प्रियंवदा शकुंतलेच्या पलीकडून, हात मोकळे. आणि शकुंतलेने? ती तर मोठ्याने चिडतेय. तिने हात धरायचा नाही असं आधी ठरवलं होतं. मग राजाला ऐकू गेलं पाहिजे. करून बघता बघता अनसूयेनेच उत्तर शोधलं. शकुंतला चिडून आडोशाबाहेर निघू बघते, आणि अनसूया हात तिच्याबरोबर सरकवते. आडोसा चालायला लागला! शकुंतला पुढे, हात पुढे. ती मागे, हात मागे. बोटं न ढळता. सगळे खो खो हसले आणि तिथल्या तिथे ते पक्कं केलं.

यानंतर राजाचं वाक्य येतं : ‘आम्हीही तुमच्या सखीबद्दल थोडं विचारू का?’ त्या ‘आम्हीही’तली गंमत आत्ता लागली. त्याने काहीएक ऐकलेलं नाही आणि तो तिथेच येऊन पोचलाय. हात खाली यायच्या आत त्याने बोलायला हवं. त्याचं वाक्य ऐकून अनसूया हाताकडे बघते, अजून वरच आहे, आणि पटकन खाली घेते. हे ग्रंथात कुठे नाही, पण मला मोडवत नाही.

२० ऑक्टोबर

प्रकाशवाल्या दादांनी बोटाचा प्रश्न सोडवला. समोरच्या दिव्यांत हात चपटा दिसतो. विंगेतून, खांद्याच्या उंचीवरून एक आडवा झोत मारला की मोडलेल्या अनामिकेची सावली मधल्या बोटावर पडते आणि हाताला खाच दिसते. शेवटच्या रांगेत जाऊन बसले. बोट दिसत नाही, खाच दिसते. तो झोत सबंध अंकभर तसाच ठेवायचा, जनांतिकापुरता लावायचा नाही. नाहीतर पुन्हा दिव्यानेच सांगितल्यासारखं होईल.

२९ ऑक्टोबर

रंगीत तालीम. वल्कलं म्हणून जाड सुती पंचे, खांद्यावर गाठ. अनसूयेची गाठ डाव्या खांद्यावर आणि आडोसाही डाव्या हाताने, त्यामुळे कोपर वर गेलं की कापड ओढलं जातं. गाठ उजवीकडे घेतली. अंगठा दोनदा सुटला. पाण्याच्या घड्याचं वजन कमी करायला हवं, घडा ठेवल्यावर बोटं थरथरतात.

६ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. पहिल्या जनांतिकाला पूर्ण शांतता. माझ्या पोटात गोळा. ‘विचारतेच’ म्हणून हात खाली आला आणि अनसूयेचा चेहरा एकदम पाहुणचाराचा झाला, तेव्हा मधल्या रांगांतून हसू आलं. म्हणजे पोचलं. सरकत्या आडोशाला टाळी पडली, ती मला थोडी नडली, कारण टाळीत राजाचं ‘आम्हीही’ बुडालं. पुढच्या वेळी त्याने टाळी संपेपर्यंत थांबायचं आणि अनसूयेने तोवर हात धरूनच ठेवायचा. तिच्या खांद्याला ते झेपतंय का ते बघते.

मध्यंतरात एका गृहस्थांनी विचारलं, ‘ती तीन बोटांची खूण कसली?’ त्यांना बोटं मोजता आली याचाच मला आनंद झाला.

मिरजेला करायचं ठरतंय. तिथला रंगमंच उथळ आहे, पार मागे घेता येणार नाही, म्हणजे राजा सख्यांच्या जवळजवळ रांगेत येणार. आडोसा बाजूला न करता तिरका करावा लागेल, आणि तिरका केला की तळहात प्रेक्षकांना दिसतो. रविवारी फक्त तिघींना बोलावलंय.